वॉट पाहून भुलू नका, मोटरचा आवाज ऐका

व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावरचे १६०० वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा. धूळ किती ओढते तो नव्हे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत.

फक्त कोरडी धूळ ओढणाऱ्या साध्या मॉडेलमध्ये ओढलेली हवाच मोटरमधून जाते आणि तिला थंड ठेवते. पिशवी भरली, फिल्टर चोंदला की मोटर तापणारच. गंमत म्हणजे तेव्हा आवाज बसत नाही, उलट चढतो: पंख्याला ढकलायला हवाच कमी, भार उतरतो, मोटर सुसाट सुटते. असा चिरका सूर लागला की आधी बंद करा, मग पिशवी झटका. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. भिंतीला ड्रिल मारल्यावरची सिमेंटची पूडही या यंत्राने ओढू नका; ती कापडी पिशवीतून निसटते आणि थेट बेअरिंग खाते.

मोटरमधून ठिणग्या वाढल्या, जळका वास आला तर प्लग काढून कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या, तपासा. ५-६ मिलिमीटरच उरले असतील तर दोन्ही बदला, एकच नको. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या भागावर, चरे पडले असतील तर नवे ब्रशही लवकर झिजतात.