स्विच-सॉकेट बदलताना: वीज खरंच गेलीय ना, स्क्रू खरंच आवळलाय ना?

जुनं सॉकेट काढून त्याच जागी तसंच नवं बसवणं आणि भिंतीत नवा पॉइंट काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम नीट हात असलेला कुणीही करू शकतो. दुसऱ्यात वायरची जाडी, एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग यांचा हिशेब येतो, त्यामुळे तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवाच. बोर्ड उघडल्यावर वायरीचं आवरण कडक होऊन हातात तुकडे पडत असतील, अर्थची वायरच नसेल किंवा वायर ॲल्युमिनियमची निघाली, तर बदलायचं कामही तिथेच थांबवा.

आधी वीज

मेन किंवा त्या लाइनचा एमसीबी बंद करा आणि त्यावर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ असं लिहा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरच्या लाइनवरचे पॉइंट जिवंतच राहतात, आणि पंखा बंद दिसला म्हणून बोर्डात हात घालणाऱ्याला झटका बसतो.

आता टेस्टर. तो आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पेटतो का पाहा, मग आपल्या बोर्डात लावा, मग पुन्हा त्या चालू सॉकेटमध्ये. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असाच होतो असं नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं किंवा टेस्टरच बिघडलेला असला तरी तो पेटत नाही. मल्टिमीटर असेल तर तोच वापरा. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही ठिकाणी शून्य दिसायला हवं. एका बोर्डात दोन वेगळ्या लाइनींच्या वायरी असू शकतात, म्हणून प्रत्येक टर्मिनल तपासा.

काय आणायचं

६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॉट चालतात. १००० वॉटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर घेते, ती चालेल. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर घेते, तिला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. पण १.५ चौरस मिमीच्या वायरीवर १६ अँपिअरचं सॉकेट बसवून टाकणं हा इलाज नव्हे, कारण मग भिंतीतली वायर तापते. १६ अँपिअरसाठी निदान २.५ चौरस मिमी, गीझर-एसीसाठी शक्यतो ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि शक्यतो स्वतंत्र लाइन हवी. सॉकेट शटरवालं घ्या. लहान मुलाने भोकात तार घातली तरी ती आत जात नाही.

जोडणी

उघडल्यावर लगेच काही सोडू नका. मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या आणि वायरींना कागदी टेपच्या खुणा करा. साधारणपणे लाल, पिवळी किंवा निळी वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते. पण काही ठिकाणी निळी वायर न्यूट्रलसाठी घेतलेली असते. रंगावर विश्वास ठेवू नका, खात्री मीटरने करा. जिन्याच्या दिव्याचा दुतर्फा स्विच असेल तर कॉमन टर्मिनलवर कोणती वायर होती ते टिपून ठेवा, नाहीतर नंतर दिवा एकाच बाजूने लागतो.

तीन पिनच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं की मोठं भोक वर, म्हणजे अर्थ. फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. जोडताना मात्र सॉकेट उलटं हातात असतं आणि डावं-उजवं बदलतं. सर्वात जास्त चुका इथेच होतात. मागच्या बाजूच्या खुणा वाचूनच जोडा.

वायर ८ ते १० मिमी सोला. चाकूने सोलताना दोन-चार तारा कापल्या गेल्या तर ते टोक कापून पुन्हा सोला. तारांना घट्ट पीळ द्या, बारीक वायर असेल तर टोक दुमडून जाड करा. एका टर्मिनलमध्ये दोन वायरी असतील तर दोन्हींना एकत्र पीळ द्यावा. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. हलली तर पुन्हा आवळा. स्क्रूखाली वायरीचं आवरण अडकलेलं नाही आणि बाहेर उघडं तांबं दिसत नाही, हेही बघा.

एवढा कीस का? ढिल्या जोडाचा विरोध (रेझिस्टन्स) समजा फक्त ०.१ ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर वाहतात. तिथे १० वॉट उष्णता तयार होते, तीही एका स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत. तांबं काळवंडतं, विरोध वाढतो, आणखी तापतं. प्लेटवरचा पिवळा डाग असाच पडतो.

फेज नेहमी स्विचमधून जायला हवी. न्यूट्रलवर स्विच बसवला तरी दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो. आणि अर्थची वायर नसेल तर अर्थचं टर्मिनल न्यूट्रलला जोडून ‘सोय’ करणारे भेटतात. न्यूट्रल कुठेतरी तुटली की फ्रिजच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात.

नवा पॉइंट, थोडक्यात

इलेक्ट्रिशियन काम करत असताना एवढं विचाराच: फेज आणि न्यूट्रल एकाच लाइनची आहे ना? फेज एका आरसीसीबीच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) लाइनवरून आणि न्यूट्रल जवळ सापडली म्हणून दुसऱ्या लाइनवरून घेतली, की उपकरण लावताच आरसीसीबी पडतो. लोक मग उपकरणाला दोष देतात.

वीज दिल्यावर

वायरी घडी घालून आत बसवा, प्लेटच्या स्क्रूखाली चिमटू देऊ नका. मग एमसीबी लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे सुमारे २३० आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. उपकरण लावलं असताना दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर न्यूट्रल तुटलेली आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा.

शेवटी सॉकेटला झेपेल तेवढं जड उपकरण पंधरा मिनिटं चालवा आणि प्लेटला हाताची पाठ लावा. प्लेट किंवा प्लग गरम लागला, तर वीज बंद करून स्क्रू पुन्हा आवळा.