जुन्या तसबिरीतील नाट्यप्रसंग कसा ओळखावा

सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत एकोणिसाव्या शतकातील नाट्यप्रसंगांची छापील चित्रे अधूनमधून हाती लागतात, तेव्हा प्रसंग कोणता याची घाई न करता ती कशी छापली आहेत हे आधी ठरवावे. चित्र चौकटीतून अलगद काढावे. कागद काचेला चिकटला असेल तर तो ओढू नये, तसाच जाणकाराकडे न्यावा.

दिवसाउजेडी दहापट भिंग धरावे. काळ्या भागातून कोरून काढलेल्या पांढऱ्या रेषा दिसल्या आणि कागदाच्या पाठीवर मजकूर असला, तर ते बहुधा पुस्तकातून किंवा साप्ताहिकातून सुटलेले लाकडी ठशाचे चित्र असते, कारण असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येई. अतिशय बारीक रेषा आणि भोवती पत्र्याचा दबलेला चौकोन ही पोलादी पत्र्यावरील कोरीवकामाची खूण होय, मात्र कडा कापल्या असतील तर चौकोन मिळत नाही. शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेल्या, चित्रात खडूसारखा रवा दिसतो. रंगीत शिळाछापात निरनिराळ्या रंगांचे अनियमित ठिपके एकमेकांवर पडलेले असतात. तेच ठिपके शिस्तीत, जाळीसारखे ओळीने असतील तर ती छायाचित्रावरून केलेली नंतरची छपाई समजावी. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, त्यामुळे तळाशी ‘कार्ले-लोणावळा’ असा पत्ता असलेली प्रत छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलल्यानंतरचीच ठरते.

यानंतर नाटकाची संहिता उघडून हा प्रसंग रंगमंचावर घडतो की केवळ सांगितला जातो, हे पाहावे. माझ्या मते खरी गंमत येथेच आहे. रविवर्मांच्या छापखान्याच्या पहिल्या चित्रांतील शकुंतलाजन्मात विश्वामित्र तान्ह्या मुलीकडे पाठ फिरवतो, पण कालिदासाच्या नाटकात शकुंतलेची जन्मकथा पहिल्या अंकात अनसूयेच्या तोंडून फक्त कानी पडते. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले त्याच १८४३ साली फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यांची ‘हॅम्लेट’वरील शिळाछापे पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतील पाण्यात बुडणारी ऑफेलियाही शेक्सपिअरच्या रंगमंचावर कधी येत नाही, तिचा मृत्यू राणी सांगते. म्हणून अशा चित्रांवरून त्या काळची वेशभूषा किंवा नेपथ्य ठरवू नये. तळाशी नटाचे किंवा नाटकगृहाचे नाव असेल तरच प्रत्यक्ष प्रयोगाशी संबंध आहे का ते तपासावे, आणि तेव्हाही चित्रकाराने नाटकगृहाबाहेर बसून बरेच सजवले असेल, हे धरून चालावे.

नोंद मागील बाजूस मऊ पेन्सिलीने करावी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन पूर्ण टाळावे. कागद पिवळा पडून ठिसूळ होऊ नये म्हणून चित्र आम्लरहित कागदात सपाट ठेवावे, आणि २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्यांनी तरी ते तळमजल्यावरील कपाटात ठेवू नये.