स्टोअरहेडच्या बागेतले पुतळे बघताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये स्टोअरहेड नावाची जुनी इस्टेट आहे. तिचा मालक, बँकर हेन्री होअर याने 1740 च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं खपून तळ्याभोवती ही बाग उभी केली, 1946 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. आपली मंडळी बहुतेक वेळा स्टोनहेंज उरकून परतताना तासाभरासाठी इथे थांबतात, पुलाजवळ फोटो काढतात आणि निघतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं आणि नंतर फार हळहळ वाटली, कारण जवळजवळ सगळे पुतळे बघायचेच राहिले होते. दोन-अडीच तास काढा, कमीत कमी.

सगळ्यात आधी दिशा. आपल्याला सवय प्रदक्षिणेची, म्हणजे तळं उजव्या हाताला ठेवून चालायची, पण इथे उलटं करा, तळं डाव्या हाताला ठेवा. तसं गेलात की आधी फ्लोराचं देऊळ, मग गुहा, मग पॅन्थिऑन म्हणजे घुमटाचं मोठं देऊळ आणि शेवटी टेकडीवरचं अपोलोचं देऊळ असा क्रम लागतो. उलटे फिरलात तर दिसेल सगळं, पण गोष्ट शेवटाकडून ऐकल्यासारखं होतं.

फ्लोराच्या देवळावरची लॅटिन ओळ न वाचता पुढे जाऊ नका. अर्थ साधारण असा की जे अपवित्र आहेत त्यांनी लांब राहा. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात त्याचा नायक, ट्रॉयचा वीर इनियस, पाताळात उतरायच्या आधी सिबिल नावाची भविष्यवेत्ती हे बजावते. म्हणजे बागेच्या सुरुवातीलाच सांगितलंय की पुढे खाली उतरायचंय, आणि खरंच थोड्या वेळाने आपण गुहेत शिरतो!

गुहेत तर लोक सगळ्यात जास्त घाई करतात, अंधार असतो, ओल असते, पायाखाली निसरडं असतं, मग मोबाईलचा टॉर्च मारायचा, पोरांनी ओरडून आवाज घुमवायचा आणि बाहेर. असं नका करू हो. तिथे झऱ्याच्या पाण्यावर एक अप्सरा झोपलीय, समोर इंग्रज कवी अलेक्झांडर पोपच्या चार ओळी कोरल्यात आणि त्यात ती स्वतःच सांगते की मी या झऱ्यांची राखण करते, पाण्याच्या आवाजात झोपते, हळू पावलं टाका, पाणी प्यायचं तर गुपचूप प्या. दोन मिनिटं गप्प उभं राहा, पाण्याचा आवाज ऐकू येतो, तो या मूर्तीचाच भाग आहे.

या अप्सरेची पोज व्हॅटिकनमधल्या एका प्राचीन पुतळ्यावरून घेतलीय. त्या पुतळ्याच्या दंडावर सापाचं कडं आहे म्हणून कितीतरी वर्षं लोक त्याला क्लिओपात्रा समजत होते, नंतर ठरलं की ही ग्रीक पुराणातली अ‍ॅरिअ‍ॅडनी, जिला झोपेत असतानाच प्रियकर बेटावर सोडून गेला. आणि इथे झऱ्यावर आणून ठेवल्यावर तीच अप्सरा झाली. म्हणून मला वाटतं की पुतळ्याचं नाव विचारायच्या आधी तो कुठे ठेवलाय ते बघावं.

गुहेतच पुढे दाढीवाला नदीदेव आहे. त्याला मी बिनधास्त नेपच्यून म्हणून मोकळी झाले होते, तर आईने लगेच विचारलं, "अगं पण याचा त्रिशूळ कुठाय?" तिने सगळं आयुष्य देवळातल्या मूर्ती आयुधं बघून ओळखल्यात. तिचंच बरोबर निघालं, नेपच्यून समुद्राचा, त्याच्याकडे त्रिशूळ असतो, आणि ज्याच्याजवळ पाण्याचा घडा असतो तो नदीचा देव. आपल्याला शंख-चक्र, उंदीर, मोर बघून देव ओळखायची सवय असतेच, तीच इथे वापरा. गदा आणि सिंहाचं कातडं दिसलं की हर्क्युलस, चंद्रकोर किंवा धनुष्य दिसलं की डायना, फुलं दिसली की फ्लोरा, धान्य दिसलं की सेरेस. ग्रीक आणि रोमन नावांमध्ये अडकू नका, आर्टेमिस आणि डायना एकच समजा आणि पुढे चला.

आणखी एक, पांढरं दिसलं की संगमरवर असं नसतं. गुहेतले हे दोन्ही पुतळे शिल्पकार जॉन चीअरच्या कारखान्यातले, शिशाचे, वरून पांढरा रंग दिलेले. पॅन्थिऑनमधला हर्क्युलस मात्र खरा संगमरवरी, शिल्पकार मायकल रिसब्रॅकने केलेला. असं सांगतात की त्यासाठी त्याने लंडनमधले धट्टेकट्टे मुष्टियोद्धे बघून एकाचे हात, दुसऱ्याची छाती असं जुळवलं. पॅन्थिऑनचं दार बंद असलं तर जाळीतून डोकवा पण चुकवू नका. आणि आतले सगळे ग्रीक-रोमन देवच असतील असं धरू नका, इजिप्तची आयसिस आहे आणि सेंट सुझाना ही ख्रिस्ती संतसुद्धा आहे.

म्हणूनच सगळी बाग म्हणजे इनियसचाच प्रवास, असं कुणी छातीठोक सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. ती ओळ आहे, गुहा आहे, धागा नक्की आहे, पण बाग काही एका बैठकीत आखलेली नाही, मध्ये मध्ये होअरला आवडलं ते येत गेलं, एकेकाळी इथे तुर्की तंबूसुद्धा होता. मे-जूनमधली रोडोडेंड्रॉनची रंगीत फुलं तर त्याच्या नातवाच्या काळापासून पुढे येत गेली. होअरला हिरव्याच्याच गडद-फिकट छटा चित्रासारख्या हव्या होत्या, त्यामुळे पुतळे नीट बघायचे असतील तर फुलांचा सीझन सोडून या, गर्दीही कमी असते.

शेवटचं अपोलोचं देऊळ चढ आहे म्हणून सोडू नका. 1765 चं आहे, लेबनॉनमधल्या बालबेकच्या गोल देवळावरून केलेलं. पाताळातून वर येऊन सूर्याच्या देवाकडे जायचं तर चढ असणारच ना. आई गुडघे धरत, तीनदा थांबत चढली, आणि वर पोचल्यावर पाण्यापलीकडचं पॅन्थिऑन बघत पायरीवर बसून राहिली, पार्किंगची वेळ संपत आली तरी उठेना.