ग्रीक बेटांची ट्रिप ठरवताना या चुका टाळा: आधी बोट बघा, मग हॉटेल

ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटाच्या धक्क्यावर आम्ही दोघं सकाळी आठला बॅगा घेऊन उभे होतो आणि तिकीट एजन्सीच्या दारावर कागद चिकटवलेला, आज बोटी नाहीत. जुलैचा शेवट, ऊन लख्ख, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि तरी बोटी बंद, कारण वारा. त्याच रात्री अथेन्सहून मुंबईचं विमान होतं आमचं. ते गेलं. नवीन तिकिटं, दोन रात्रींचं जास्तीचं हॉटेल, रजा वाढवायला ऑफिसात फोन, सगळं त्या एका कागदामुळे. म्हणजे खरं सांगायचं तर कागदामुळे नाही, आम्ही शेवटच्या दिवशी बोट आणि विमान दोन्ही ठेवलं होतं त्यामुळे. म्हणून ओळखीतलं कोणीही ग्रीसचं विचारलं की मी पहिलं वाक्य हेच सांगते: शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा, बेटावर नाही.

हा वारा काय प्रकार आहे ते नीट समजून घ्या, कारण आपल्या डोक्यात समुद्र खवळणं म्हणजे काळे ढग आणि पाऊस असंच असतं, गेटवे ते मांडवा बोटी पावसाळ्यात बंद होतात हे आपण लहानपणापासून बघतोय. एजियन समुद्रात, म्हणजे नॅक्सोस जिथे आहे तिथे, उलटं आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये जास्त, उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात, आणि तो सुटतो तेव्हा आकाश निळंशार असतं. वाऱ्याचा जोर तिथे बोफर्टमध्ये मोजतात, साधारण ८ च्या आसपास गेला की बंदरातून बोटी सोडणं बंद होतं, त्यातही फास्ट कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटी) आधी अडकतात, मोठ्या बोटी जरा उशिरा. कधी काही तासांत सुटतात, कधी दोन दिवस जातात. त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारा, उद्या किती बोफर्ट आहे. बेटावरच्या माणसाला हे माहीत असतंच.

बोट रद्द झाली तर घाबरून लगेच दुसरं तिकीट काढू नका, हे पण आम्ही केलं होतं. कंपनीनेच बोट रद्द केली की तुम्हाला पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक मिळायला हवं, युरोपियन युनियनचा नियमच आहे तसा. पण वाऱ्यामुळे रद्द झाली असेल तर हॉटेलचा खर्च मात्र ते देत नाहीत. म्हणून आधी बंदराजवळच्या एजन्सीत जाऊन पुढच्या मोठ्या बोटीत नाव घालून घ्या, मग हॉटेलवाल्याला फोन करा की अजून एक रात्र हवी, आणि बेटाला विमानतळ असेल तर त्याचंही बघून ठेवा, पण छोट्या विमानांत जागा पटकन संपतात.

नकाशा बघून बेटं निवडणं

ही चूक जवळपास सगळेच करतात. सँटोरिनी, कोर्फू आणि क्रीट, सात दिवस, असा प्लॅन मला एका मैत्रिणीने पाठवला होता. नकाशावर ग्रीस छोटंसं दिसतं ना. पण कोर्फू पश्चिमेला आयोनियन समुद्रात, सँटोरिनी एजियनमध्ये सायक्लेडीज गटात, मधे अख्खा देश, त्यांच्यात बोट नाहीच, अथेन्समार्गे विमानानेच जावं लागतं. आणि क्रीट म्हणजे दोन दिवसांत उरकायचं बेट नाही हो, गोव्याच्या दुपटीपेक्षा मोठं आहे ते, पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरच्या वर लांब. क्रीटला जायचं तर क्रीटच करा, आठवडा द्या.

आठ दिवस असतील तर दोन बेटं, दहा-बारा असतील तर तीन, ती पण एकाच रांगेतली. पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी या रांगेत बोटी भरपूर, पारोस ते नॅक्सोस तासाच्या आत, नॅक्सोस ते सँटोरिनी साधारण दोन तास. प्रत्येक वेळी बेट बदलायचं म्हणजे अर्धा दिवस जातोच, पॅकिंग, चेकआउट, धक्क्यावर वाट बघणं, पलीकडे उतरून परत रूमची वेळ होईपर्यंत बसणं. ते प्लॅनच्या एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

नावांचा घोळ पण लक्षात ठेवा. सँटोरिनीला बोटीच्या तिकिटावर बऱ्याचदा थीरा लिहिलेलं असतं, कोर्फूला केर्किरा. आणि बऱ्याच बेटांवर मुख्य गावाचं नाव होराच, तर टॅक्सीवाल्याने होरा म्हटलं की गोंधळू नका.

मे महिना की दिवाळी

आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या दोनच वेळा, मे महिना आणि दिवाळी. मे उत्तम आहे, फुलं असतात, गर्दी कमी, मेल्तेमीचा जोर नसतो, फक्त समुद्राचं पाणी अजून गार असतं, पोहणाऱ्यांनी मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला जावं. दिवाळीचं मात्र कॅलेंडर बघून ठरवा. बेटांवरची बरीच हॉटेलं आणि खानावळी ऑक्टोबरअखेर बंद होतात ती एप्रिलपर्यंत, बोटीही कमी होतात, आणि २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरमध्ये आहे, म्हणजे बेटांसाठी उशीरच. ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर १५ ऑगस्टच्या आजूबाजूचे दिवस टाळा, तिथे तो मदर मेरीचा मोठा सण असतो, तिनोस बेटावर तर आपल्या जत्रेसारखी गर्दी, सगळा ग्रीस गावी निघालेला असतो आणि बोटी फुल.

अजून एक. जानेवारीत बसून तुम्ही जूनच्या बोटी शोधल्या आणि दिसल्या नाहीत तर बोट बंद झाली असं समजू नका. उन्हाळ्याची वेळापत्रकं हिवाळाभर हळूहळू जाहीर होत जातात. तोपर्यंत हॉटेल कॅन्सल करता येईल असंच बुक करा, बोटीची वेळ कळली की रात्री पुढेमागे करता येतात. नॉन-रिफंडेबल स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका, बेटांच्या बाबतीत तरी नाहीच.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, लागतो, प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी अर्ज करता येतो, जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. चूक कुठे होते तर लोक पॅरिस, स्वित्झर्लंड आणि ग्रीस असं एकत्र करतात आणि ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळेल तिथे अर्ज टाकतात. तसं चालत नाही, जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, सारख्या असतील तर जिथे पहिलं उतरणार त्या देशाकडे. मेची ट्रिप असेल तर फेब्रुवारीत कागद तयार ठेवा, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

धक्क्यावर होणाऱ्या चुका

पिरेयस हे अथेन्सचं मुख्य बंदर आणि ते प्रचंड आहे. गेटांना ई-१ ते ई-१२ असे नंबर आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॅग ओढत जाणं म्हणजे बोट चुकणं. तिकिटावरचा गेट आदल्या दिवशी परत तपासा. एअरपोर्टहून मेट्रोची ३ नंबरची लाइन आता थेट पिरेयसला जाते. आणि सगळ्या बोटी पिरेयसहूनच सुटतात असंही नाही, मायकोनोस, तिनोस, अँड्रोसला राफिनाहून पण जातात, ते बंदर एअरपोर्टला जवळ आहे. एका ओळखीच्या कुटुंबाने तिकीट राफिनाचं काढलेलं आणि पोचले पिरेयसला, असं होतं, म्हणून सांगतेय.

बोटीत चढल्यावर बॅग खाली गॅरेजच्या मजल्यावर ठेवायची असते, तिथल्या फळ्यांवर बऱ्याचदा बेटांची नावं असतात, आपल्या बेटाच्या फळीवरच ठेवा. मधल्या बेटांवर बोट अक्षरशः काही मिनिटं थांबते. अनाउन्समेंट झाली की लगेच खाली या, जिना उतरताना म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, दार उघडायच्या आधीच खाली असायला हवं. आणि उतरायच्या आधी कोणालातरी बेटाचं नाव विचारा, पारोस, नॅक्सोस, आयोस रात्री सारखेच दिसतात.

पोटात ढवळणाऱ्यांसाठी: फास्ट बोट पिरेयसहून सँटोरिनीला पाचेक तासांत पोचवते, मोठी साडेसात-आठ तास घेते, पण लाटांवर मोठी बोट कमी हलते आणि तिच्यात बाहेर डेकवर बसता येतं. फास्टमध्ये तुम्ही बंद केबिनमध्ये. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही.

सँटोरिनीच्या पायऱ्या

फोटोत जे पांढरं गाव कड्यावर दिसतं ते सगळं ज्वालामुखीच्या काठावर आहे, म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. दुसऱ्या वेळी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा बुकिंगच्या आधीच हॉटेलला मेल केला, रस्त्यापासून रूमपर्यंत किती पायऱ्या. एका ठिकाणाहून उत्तर आलं ९०. सासऱ्यांच्या गुडघ्याला ते जमलं नसतं, आम्ही कामारी या किनाऱ्यावरच्या गावात सपाट रस्त्यावर राहिलो आणि कड्यावर संध्याकाळी बसने गेलो. हा एक प्रश्न विचाराच. पोहायला मऊ वाळू हवी असेल तर सँटोरिनीत निराश व्हाल, इथली कामारी-पेरिसाची वाळू काळी आणि खडबडीत, उन्हात पाय भाजतात, त्यापेक्षा मुलांना नॅक्सोसला न्या, तिथल्या आयिओस योर्गिओस किनाऱ्याचं पाणी उथळ आहे.

गाडी घ्यायची तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट घरूनच काढून न्या, तिथे जाऊन ते मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी लवकर बुक करा, कमी असतात. रस्त्याची बाजू उजवी.

हॉटेलचं भाडं भरलं म्हणजे सगळं भरलं असंही नाही, सरकारची एक वेगळी फी तिथे द्यावी लागते. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर, दर रूम दर रात्री, ३ स्टारला ५ युरो, ४ स्टारला १०, ५ स्टारला १५. दहा रात्रींचे चांगलेच होतात, बजेटमध्ये धरा.

शाकाहारी लोकांनी थेपल्यांची बॅग भरून न्यायची गरज नाही, फक्त शब्द माहीत हवा. ग्रीक लोकांचे पण उपास असतात, त्या दिवसांत मांस, अंडं, दूध नाही, त्या जेवणाला नीस्तीसिमो म्हणतात. खानावळीत हा शब्द म्हणा. त्यात कोळंबी, ऑक्टोपस चालतात, तेवढं वेगळं सांगा. भात भरलेले टोमॅटो म्हणजे येमिस्ता, मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे यिगांतेस, पालकाची स्पॅनाकोपिता (यात चीज असतं). आणि विचारताना एक सांभाळा, ग्रीकमध्ये हो ला ‘ने’ म्हणतात, आपल्या कानाला ते सरळ ‘नै’ ऐकू येतं. आम्ही विचारलं यात मांस आहे का, वेटर म्हणाला ने, आणि सासूबाई घास उचलणारच होत्या. नाही ला ‘ओही’.

सँटोरिनीचा फाव्हा मात्र चुकवू नका, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. सासूबाईंनी पुढचे तीनही दिवस तेच मागवलं, लिंबू पिळून.