परतीची तारीख आधी बघा: संग्रहालयात नव्याने लागलेल्यांसाठी

एम.ए. झालंय, डिप्लोमाही आहे आणि एखाद्या संग्रहालयात कंत्राटावर लागलात, असं धरून लिहितोय. ॲक्सेशन नंबर (वस्तूचा नोंद क्रमांक) आणि कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या अवस्थेचा अहवाल) तुम्हाला नवे नाहीत, ते सोडून देतो. बोलायचंय ते उसन्या आलेल्या वस्तूंबद्दल.

2025 मध्ये आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, शिवाजी महाराजांची म्हणून वाघनखं आली, तेव्हा नागपूरकरांचा प्रश्न ठरलेला: "आपलीच आहेत तर परत काहून द्यायची?" भावना खरी आहे, पण फाईल भावनेवर चालत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या करारावर दिली. जुलै 2024 मध्ये आधी साताऱ्याला, मग आपल्याकडे. ही महाराजांनी वापरलेलीच, हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. शिवाय तिथल्या 1983 च्या नॅशनल हेरिटेज ॲक्टमुळे संग्रहातली वस्तू देऊन टाकायला विश्वस्तांचे हात बरेच बांधलेले. त्याच 2025 मध्ये राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात घेतली. ती विकत घेतलेली, म्हणजे मालकीची. दोन्ही लंडनहून आल्या, पण एक उसनवारीच्या रजिस्टरमध्ये जाते, दुसरी कायम नोंदवहीत. इथे घोळ झाला की तो पुढच्या पिढीच्या माथी.

माझ्या माथी तसाच एक आला. एका स्थानिक संस्थेने कधीकाळी काही मूर्ती "प्रदर्शनासाठी" दिल्या होत्या. पावतीवर परतीची तारीख नाही. देणारे वारले, घेणारे निवृत्त झाले, संस्थेचं नवं मंडळ आलं आणि पत्र धडकलं: आमच्या मूर्ती द्या. साहेब म्हणाले, इतकी वर्षं इथे आहेत म्हणजे आपल्याच. नाही हो! उसनी वस्तू कपाटात राहून मालकीची होत नाही. पाटीवर "भेट" लिहिलं होतं, पण पाटी कोणीही रंगवतं. नोंदवहीत "प्राप्तीचा प्रकार" हा रकाना कोरा. मूर्तीच्या बुडाशी तीन नंबर, तीन वेगवेगळ्या शाईचे. मग मूळ पत्रव्यवहार, दरवर्षीच्या पडताळणीच्या याद्या, जुने फोटो, सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. संस्थेने 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली त्या मूर्तींची नोंदणी केली होती का, तो दाखलाही मागायचा. त्या फाईलचं नाव निघालं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून करारात पाच गोष्टी नसतील तर सही करू नका: सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, मुदतवाढ कोण देणार, परतीचा वाहतूकखर्च कोणाचा, आणि विमा भिंतीवरून निघाल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंत आहे की नाही. "सही मारून द्या, पाहून घेऊ" म्हणणारे वरिष्ठ भेटतील. पाहायची वेळ येते तेव्हा ते बदली होऊन गेलेले असतात.

परत मागणारं पत्र आलं तर घाबरू नका. पोच द्या, त्यांच्याकडचे कागद मागा, वर पाठवा. हो किंवा नाही तुम्ही कळवायचं नाही, फोनवर तर मुळीच नाही. ते शत्रूही नसतात, बहुतेक वेळा त्यांच्याकडेही एकच पिवळी पावती असते.

फोटोचा आळस करू नका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने 2008 मध्ये पन्नास लाख डॉलरच्या आसपास देऊन घेतला होता, खोट्या कागदांवर. 2014 मध्ये तो भारतात परतला, त्यात पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडच्या जुन्या फोटोंचा मोठा हात होता. व्हॉट्सॲपवर आलेला धुरकट फोटो यात मोजू नका, आणि मागच्या कंडिशन रिपोर्टची कॉपी-पेस्ट तर गुन्हाच समजा. भेग कुठून कुठे, किती मिलिमीटर, पट्टी ठेवून फोटो.

शिकायचं असेल तर सेमिनारवाल्या तज्ज्ञांपेक्षा जुना भांडारपाल धरा. कुठली पेटी कुठल्या साली हलली ते त्याला तोंडपाठ असतं. चहा पाजा, वही घेऊन बसा. पहिले काही महिने काहीच कळत नाही, ते सगळ्यांचंच होतं.

आणि आपल्या उन्हाळ्याचं. बाहेर पंचेचाळीस अंश, आत एसी. वस्तूची पेटी आली की जिथे उघडायची त्याच खोलीत चोवीस तास बंद ठेवायची, म्हणजे वस्तू आतल्या हवेला हळूहळू सरावते; लाकूड-कापड असेल तर जास्तच. मंत्र्यांचा दौरा असो की कॅमेरेवाले दारात उभे असोत, झाकण उघडायचं नाही, आणि हे आधीच लेखी कळवून ठेवायचं.