बेळगावची थंडी आणि गच्चीवरची कीटकभक्षी झाडं

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठून पांढरं होतं, तसं आपल्याकडे सहसा होत नाही. तरी डिसेंबर लागला की कुंड्या सरसकट घरात येतात आणि तिथेच घोळ होतो. कीटकभक्षी झाडांपैकी एकाला थंडी हवीच असते, दुसऱ्याला ती सोसत नाही आणि तिसरं तोवर बी टाकून मोकळं झालेलं असतं.

म्हणून दिवाळी आटोपली की आधी कुंड्यांची वाटणी करा.

व्हीनस फ्लायट्रॅप (मिटणाऱ्या पानांच्या सापळ्यात माशा पकडणारं झाड) आणि सॅरासेनिया (उभ्या, नळीसारख्या पानांत कीटक पकडणारं झाड) बाहेरच राहू द्या. फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या उत्तर व दक्षिण कॅरोलायनाचा, तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. वर्षातले तीन-चार महिने तो झोपतो. जुने सापळे काळे पडतात, नवी पानं बारकी आणि मातीलगत येतात. पहिल्या वर्षी हे पाहून मी घाबरलो आणि कुंडी स्वयंपाकघरात उबेला नेली. झाड होळीपर्यंत कसंबसं तगलं आणि मग गेलं. तेव्हा त्याला गच्चीतली सगळ्यात गार, पण चार-पाच तास ऊन येणारी जागा द्या. काळे सापळे कात्रीने काढा, नाहीतर करडी बुरशी धरते. या दिवसांत माशा भरवू नका. झोपलेल्या सापळ्यात माशी पचत नाही, कुजते.

घटपर्णीचं, म्हणजे पानांच्या टोकाला कीटक पकडणारे घट लोंबणाऱ्या झाडाचं, नेमकं उलट. रात्रीचा पारा 12 अंशांच्या खाली जायला लागला की कुंडी उघड्या गच्चीवरून पूर्वेच्या व्हरांड्यात, भिंतीलगत आणा. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पानं आपली ऊब आकाशात सोडत राहतात, त्यामुळे उघड्यावरचं पान आसपासच्या हवेपेक्षाही गार होतं. डोक्यावर छप्पर असलं की बरंच निभावतं. छप्पर नसेल तर चार काठ्या रोवून त्यांवर जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिक वापरायचं झालं तर ते पानांना टेकू देऊ नका आणि ऊन यायच्या आत काढा. विसरलात तर पानं उकडून निघतील. खानापूर-जांबोटीकडे घर खोलगट जागी असेल, तर गार हवा तळाला साचते. तिथे कुंड्या जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवा.

घट सुकले की लोक थंडीला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: संक्रांतीच्या सुमाराची कोरडी दुपार. पसरट ताटात खडी आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, पण बूड पाण्यात बुडू देऊ नका.

पाणी पावसाचंच द्या. पावसाळ्यात एक पिंप भरून झाकून ठेवलं तर हिवाळा निघतो. बोअरच्या पाण्यातले क्षार या झाडांना मारतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 50 च्या आत हवा. आरओचं शुद्ध पाणी चालतं, त्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र नाही. पावसाळ्यात फ्लायट्रॅपच्या ताटलीत पाणी असलेलं चालतं, थंडीत नुसता ओलावा पुरे.

चोर्ला परिसरातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, दिसणारा आपला दवबिंदू (पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरणारं झाड) एकवर्षायू. पाऊस सरल्यावर तो वाळला तर तुमचं काही चुकलेलं नाही. कुंडीत असेल तर काळी बारीक बी कागदाच्या पुडीत धरून ठेवा आणि जूनमध्ये ओल्या पीट मॉसवर (कुजलेल्या शेवाळाच्या भुशावर) भुरभुरा, वर माती नको. सड्यावरून रोप उपटून मात्र आणू नका.

फेब्रुवारीत फ्लायट्रॅप जागा व्हायच्या आधी कुंडी बदला. निम्मं पीट मॉस, निम्मं धुतलेलं पर्लाइट (पांढरे, हलके खनिजाचे दाणे). घरातलं कुणीतरी मूठभर शेणखत घाल म्हणेलच, तेव्हा कुंडी उचलून थोडी लांब ठेवा.