लिव्हरमधलं आयर्न एमआरआयवर मोजताय? या चुका टाळा

थॅलेसेमियाचा (रक्ताचा जन्मजात आजार, यात वारंवार रक्त चढवावं लागतं) पेशंट लिव्हरमधलं आयर्न मोजायला आला की हल्ली बऱ्याच सेंटरवर काय होतं ते सांगतो. टेक्निशियन सिक्वेन्स (स्कॅनचा ठरलेला प्रोग्रॅम) लावतो, एकदा श्वास रोखायला सांगतो, मशीन आपणहून रंगीत मॅप काढून देतं, त्यावर मोजायची जागा म्हणून एक गोल टाकायचा, आकडा उचलायचा, रिपोर्ट बाहेर. पंधरा मिनिटांत पुढचा पेशंट टेबलवर. आणि त्या आकड्यावर त्या पोराच्या वर्षभराच्या आयर्न काढायच्या गोळ्या ठरतात! म्हणून जरा चिडूनच लिहितोय, कारण त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम आयर्न अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाहीये, मग ते आधी लिव्हरमध्ये साठतं. आयर्न जितकं जास्त तितका एमआरआयचा सिग्नल लवकर मरतो, तो किती लवकर मरतो त्याचं माप म्हणजे टी-टू-स्टार, मिलिसेकंदात. १००० ला त्याने भागलं की आर-टू-स्टार. १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीनवर आर-टू-स्टारला ०.०२५४ ने गुणून ०.२०२ मिळवा, की एका ग्रॅम सुक्या लिव्हरमध्ये किती मिलिग्रॅम आयर्न आहे ते येतं. ३ ते ७ सौम्य, ७ ते १५ मध्यम, १५ च्या वर गेलं की काळजीचं. एवढंच गणित आहे, पण गणिताच्या आधी जे बघायचं असतं तिथेच सगळे घाई करतात.

हार्टचा प्रोटोकॉल लिव्हरला लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हार्टच्या टी-टू-स्टारला पहिला एको (सिग्नल ठरावीक वेळांना मोजतात, त्यातलं एकेक मोजमाप म्हणजे एको) दोन-अडीच मिलिसेकंदांवर असला तरी भागतं, कारण तिथे २० च्या वर नॉर्मल आणि १० च्या खाली धोका, म्हणजे आकडेच मोठे. लिव्हरमध्ये आयर्न खच्चून भरलेलं असेल तर टी-टू-स्टार एक मिलिसेकंदाच्या आसपास येतो. मग तुमचा पहिला एको पडेपर्यंत तिथे उरतं काय?

मागे एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला होता, फेरिटिन (आयर्नचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६००० च्या वर, सोबत दुसऱ्या सेंटरचा रिपोर्ट. टी-टू-स्टार ९, आयर्न ३, निष्कर्ष सौम्य. त्याच्या डॉक्टरांनी डेफेरासिरॉक्सचा (आयर्न बाहेर काढणारी गोळी) डोस कमी करायचं जवळपास ठरवलं होतं, पण आई अडून बसली, म्हणे "सर, पोराचा रंग बघा ना कसा काळवंडलाय, आणि हे म्हणतात आयर्न कमी झालं." सीडी उघडली तर पहिल्याच इमेजमध्ये लिव्हर काळंकुट्ट, शेजारच्या पाठीच्या स्नायूपेक्षाही काळं. पहिला एको २.३ वर. आम्ही परत केलं, पहिला एको ०.९, पुढचे एको एकेक मिलिसेकंदाच्याही आत, टी-टू-स्टार आला १.१. म्हणजे आयर्न २३! आता बघा, टी-टू-स्टार १.१ असताना २.३ मिलिसेकंदांना सिग्नल १२ टक्के उरतो, त्याच्या पुढच्या एकोंना फक्त नॉइज, म्हणजे मशीनची खरखर. नॉइज काही कमी होत नाही, तो आडवा पसरून राहतो, आणि सॉफ्टवेअर बिचारं त्या आडव्या रेषेलाच सिग्नल समजून म्हणतं की हा तर सावकाश उतरतोय, आयर्न कमी आहे. म्हणजे पेशंट जितका जास्त भरलेला तितका रिपोर्ट जास्त गोड. शरीरातलं एकूण आयर्न काढायचं तर किलोमागे लिव्हरच्या आकड्याच्या १०.६ पट मिलिग्रॅम धरतात, हा मुलगा ४० किलोचा, म्हणजे पावणेदहा ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात मिळून ३-४ ग्रॅम असतं. आणि याचा डोस कमी होणार होता.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. रंगीत मॅप मी शेवटी बघतो. आधी पहिल्या एकोची साधी इमेज, लिव्हर स्नायूपेक्षा काळं दिसलं की कान टवकारायचे. मग उजव्या लोबमध्ये जागा घेऊन प्रत्येक एकोचा सिग्नल काढायचा आणि आलेख डोळ्यांनी बघायचा. शेपूट आडवं पडलेलं दिसलं तर मागचे एको एकेक करून काढत परत फिट करायचं (म्हणजे उरलेल्यांवर रेष बसवून टी-टू-स्टार काढायचा), उत्तर हलायचं थांबेपर्यंत. काही जण शेपूट न कापता गणितात एक स्थिर आकडा धरतात, तेही चालतं, पण दोन्ही रीतींचं उत्तर तंतोतंत एक येत नाही, त्यामुळे आज ही उद्या ती असं करू नका. आणि पहिल्या एकोलाच काही उरलं नसेल तर सरळ लिहा की मापाच्या पलीकडे आहे. आकडा द्यायलाच हवा असा कुठे कायदा आहे?

नवीन मुलांना हे सांगितलं की म्हणतात "सर, मशीन करतं ना सगळं." मशीन करतं, पण मशीन त्या आईला उत्तर द्यायला येत नाही.

दरवर्षी वेगळं मशीन, वेगळी पद्धत

दुसरी लाडकी चूक, आणि हिच्यात डॉक्टर, सेंटर, नातेवाईक सगळ्यांचा वाटा. एका मुलीची फाइल आठवते, आदल्या वर्षी १.५ टेस्लावर टी-टू-स्टार ३, म्हणजे आयर्न साधारण ८.७. पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितलं की थ्री टेस्ला नवीन आहे, जास्त चांगलं, तिकडे करा. तिथे आला १.५ आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याने जुनाच फॉर्म्युला लावून १७.१ काढलं. घरात रडारड, गोळ्या नीट घेत नाहीस म्हणून मुलीला बोलणी. प्रत्यक्षात तिच्या लिव्हरमध्ये काहीच बदललं नव्हतं, थ्री टेस्लावर आर-टू-स्टार जवळजवळ दुप्पटच येतो, त्याचा फॉर्म्युला वेगळा. शिवाय जड आयर्नवाल्यांसाठी थ्री टेस्ला मुळातच गैरसोयीचं, सिग्नल आणखी लवकर मरतो. नवीन मशीनचा सोस इथे कामाचा नाही.

फॉर्म्युल्याचंही तेच. २००१ साली लंडनच्या गटाने टी-टू-स्टारचं जे पहिलं लिव्हरचं गणित दिलं ते त्या काळच्या सिक्वेन्सवर बेतलेलं होतं, ते आजच्या मानाने साधारण निम्मंच आयर्न दाखवतं. हार्टसाठी त्या कामाचे उपकार आहेतच, पण लिव्हरचं ते गणित कुणाच्या जुन्या एक्सेल शीटमध्ये चिकटून राहिलं असेल तर आजच काढून टाका. फेरीस्कॅन (लिव्हर आयर्न मोजायची एका कंपनीची एमआरआय पद्धत) केलं असेल तर तेही वेगळं, ते आर-टू (आर-टू-स्टारहून वेगळं माप) मोजतं आणि विश्लेषण ऑस्ट्रेलियात होतं, त्याचा आकडा आणि आपल्या टी-टू-स्टारचा आकडा एकाच पेशंटच्या एकाच आलेखावर जोडू नका. पद्धत चांगली कुठली यावर भांडत बसण्यापेक्षा एक धरा आणि तीच वर्षानुवर्षं चालवा.

रिपोर्टखाली मशीन किती टेस्लाचं, पहिला एको किती, फॉर्म्युला कुठला हे लिहायला एक ओळ लागते. ती ओळ नसलेला रिपोर्ट मी तुलनेला घेतच नाही.

बाकीच्या, पटापट

गोल टाकताना रक्तवाहिन्या टाळा, फुप्फुसाला लागून वरचं टोक टाळा, आणि या पेशंटना पित्ताशयाचे खडे फार होतात त्यामुळे ऑपरेशनच्या क्लिपा असतात, क्लिपेशेजारी टी-टू-स्टार खोटाच कमी येतो.

लिव्हरमध्ये फॅट असेल तर १.५ टेस्लावर आलेख २.३ मिलिसेकंदांपाशी खड्ड्यात जातो आणि ४.६ ला वर येतो, नागमोडी दिसला की फॅटचा विचार करा.

कॉन्ट्रास्ट (इमेज उठून दिसायचं इंजेक्शन) द्यायचा असेल तर आयर्न आधी मोजा, नंतर नाही.

सिग्नल रेशोची (लिव्हरच्या सिग्नलला स्नायूच्या सिग्नलने भागायची) जुनी पद्धत वापरत असाल तर मशीनमधल्याच बॉडी कॉइलवर (कॉइल म्हणजे सिग्नल पकडणारी अँटेना), अंगावर ठेवायचा वरचा कॉइल लावून काढलेला रेशो कचऱ्यात.

फेरिटिनशी आकडा जुळवायला जाऊ नका. ताप, इन्फेक्शन, हिपॅटायटिस असलं की फेरिटिन उगाच वर जातं, आणि थॅलेसेमिया इंटरमीडियामध्ये (सौम्य प्रकार, रक्त कमी वेळा लागतं) उलट, फेरिटिन बरं दिसतं आणि लिव्हर भरलेलं असतं.

लहान मुलांना टेबलवर चढवल्यावर श्वास रोखायला शिकवू नका, बाहेर बाकावर आईसमोर दोन-चारदा करून घ्या.

लिव्हर चांगलं म्हणून हार्ट सोडणे

ही चूक रिपोर्ट वाचणाऱ्यांची. गोळ्या नियमित सुरू झाल्या की लिव्हर महिन्यांत मोकळं होऊ लागतं, हार्टला वर्षं लागतात. लिव्हरचा आकडा ४ आणि हार्टचा टी-टू-स्टार ८ असं बघायला मिळतं, आणि १० च्या खालचा हार्ट हसण्यावारी न्यायचा नसतो, आयर्नमुळे हार्ट फेल झालेल्यांपैकी जवळजवळ सगळे त्याच गटातले असतात. लिव्हर छान आलं की घरचे म्हणतात हार्टचं पुढच्या वर्षी बघू, पैशांचा प्रश्न असतो, समजतं मला. पण वेगळ्या दिवशी वेगळा खर्च होतो, म्हणून लिव्हरला बोलावतानाच डॉक्टरांकडून दोन्हीची चिठ्ठी मागवून घ्या आणि हार्टच्या स्कॅनला लागणारे ईसीजीचे पॅच पेशंट टेबलवर चढायच्या आधीच लावून ठेवा.